आधी मोल, मग कुऱ्हाड

(१) परसातले झाड उतरवायला आलेल्या मजुराला अनेकदा सांगितले जाते, "पैसे कशाला? लाकूड तुझेच." वरवर पाहता हा उदार व्यवहार वाटतो. झाडावर चढणाऱ्याने तो स्वीकारावा का? माझे उत्तर नकारार्थी आहे. त्याची साक्ष अठराव्या शतकातील इंग्लंडच्या गोद्या देतात.

(२) डेप्टफर्ड, वूलिच, चॅटम, पोर्ट्समथ येथील शाही गोद्यांत युद्धनौका बांधल्या जात. तेथील सुतारांचा मूळ रोज २ शिलिंग १ पेनी होता. तो पिढ्यान्‌पिढ्या बदलला नाही, आणि हाती पडायलाही कित्येक महिने लागत. ही उणीव 'चिप्स'च्या प्रथेने भरून निघे. कामात निघालेल्या ढलप्या आणि तुकडे घरी नेण्याचा तो हक्क होता. त्यांचे सरपण होई, नाहीतर विक्री.

(३) तुकडा तीन फुटांहून लांब नसावा, असा नियम होता. परिणाम काय झाला? चांगले लाकूडही नेमके तीन फुटांच्या आत कापले जाते, अशी अधिकाऱ्यांची तक्रार सुरू झाली. जहाजासाठी आणलेला ओक मोळ्या होऊन दरवाजाबाहेर पडू लागला.

(४) येथे सुतारांना चोर ठरवणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. रोज तुटपुंजा ठेवून, तोही थकवून, टाकाऊ लाकडाला मजुरीचा भाग खजिन्यानेच बनवले होते. ज्याची चूल तुकड्यांवर पेटते, त्याला लाकूड अखंड राहिलेले परवडत नाही.

(५) १८०१ मध्ये ही प्रथा बंद झाली. बदल्यात जहाजसुतारांना रोज ६ पेन्स आणि मजुरांना ३ पेन्स मिळू लागले. ढलप्या ही कृपा नव्हती, मजुरीच होती, याची ती सरकारी कबुलीच म्हणायची.

(६) आता आपल्या आरमाराकडे पाहू. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आंबा-फणसासारखी झाडे तोडण्यास मनाई आहे, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे जीर्ण झाड हवेच असेल, तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन मगच तोडावे, असे सांगितले आहे. तेथे प्रश्न झाडाच्या धन्याचा आहे, झाड तोडणाऱ्याचा नाही. तत्त्व मात्र इथेही लागू पडते : आधी मोल, मग कुऱ्हाड.

(७) लाकूड हीच मजुरी ठरली की हा क्रम उलटतो. खोड आतून पोकळ आहे की किडलेले, हे कापल्यावर कळते. तोवर जीव धोक्यात घालून झालेला असतो. साग असेल तर वाहतूक परवान्याची जबाबदारीही मजुराच्या गळ्यात पडते. आणि जिथे फांद्यांची छाटणी पुरेशी असते, तिथे बुंध्यावर नजर जाते. गोदीत जे ओकचे झाले, तेच परसातल्या झाडाचे होते.

(८) कोणी म्हणेल, बलुतेदारही धान्यावरच काम करीत ना? खरे आहे. पण धान्य थेट पोटात जाते आणि त्याचे माप गावाला ठाऊक असते. ओंडका आधी फाडावा, वाळवावा, विकावा लागतो. आणि भाव ठरवतो वखारवाला.

(९) ब्रिटनने १८३१ च्या ट्रक कायद्याने अनेक धंद्यांत वस्तुरूप मजुरीला बंदी घातली. आपल्याकडील १९३६ च्या वेतन कायद्यानेही वेतन चलनातच देण्याचे बंधन घातले. ही तरतूद कामगारांच्या दीर्घ अनुभवातून आलेली आहे.

(१०) म्हणून लाकूड जरूर न्यावे. कुजण्यापेक्षा ते एखाद्या चुलीत जळलेले बरे. मात्र ते रोख मजुरी ठरल्यावर, वरकड म्हणून. तुमच्या दारी कोणी करवत घेऊन आला, तर झाडाकडे बोट दाखवण्याआधी त्याचा रोज विचारा.