दालच्याचं नाव काय सांगितलंस?

आमचा बी.एड.च्या मैत्रिणींचा एक घोळका आहे. कॉलेज संपून वीसेक वर्षं होत आली. कुणी लातूरला शिकवते, कुणी नांदेडला, एक लग्न होऊन पुण्याला गेली, दोघीतिघी परभणीतच आहोत. शाळा, पेपर तपासणी, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचे गुडघे हे सगळं बोलून झालं की गाडी शेवटी स्वयंपाकावर येते. कुणी काय नवं करून पाहिलं, कुणाचं काय फसलं, कुणाच्या कुकरची शिट्टी कशी उडाली. वर्षातून दोनदा भेटतो तेव्हा प्रत्येकीच्या पिशवीत एक डबा असतो. येसराची आमटी मी याच घोळक्यात शिकले. धान्य-डाळी भाजून, त्यात मसाला घालून दळलेली ती पूड आमच्या घरात त्याआधी कधी आलेली नव्हती, आता डब्यात कायम असते. माझ्याकडून त्यांनी खट्टी दाल घेतली, बगारा भात घेतला आणि दालचा घेतला.

दालच्यावरूनच हे लिहावंसं वाटलं. मागच्या भेटीत एकीने हसत हसत सांगितलं, "अगं, तुझा दालचा केला होता. मटण न घालता, नुसता दुधीचा. सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ला. सासूबाईंनी विचारलं, हे काय गं नवीन? मी म्हटलं, दुधी घातलेली हरभऱ्याची आमटी, मोबाईलवर बघून केली." सगळ्या हसल्या. मीही हसले. तिच्या सासूबाई माझ्या घरचं पाणी पीत नाहीत, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या घरी मी गेले की चहा येतो, प्रेमाने येतो, पण माझ्याकडचा डबा त्यांच्या ओट्यावर चढत नाही. आता मात्र माझ्या अम्मीचा दालचा त्यांच्या ताटात जाऊन बसला होता, आणि तिथे त्याला वेगळंच नाव होतं.

आधी दालचा म्हणजे काय ते सांगते, कारण नुसती आमटी म्हटलं की त्याच्यावर अन्याय होतो. एक वाटी हरभऱ्याची डाळ, सोबत मूठभर तूरडाळ, हळद घालून मऊ शिजवून घोटायची. अर्धा किलो मटण, हाडासकट, कांदा परतून आलं-लसूण, तिखट, धणेपूड घालून वेगळं शिजवायचं. त्यात दुधीच्या मोठ्या फोडी. लहान केल्या तर विरघळतात आणि मग दालच्याची खीर होते. फोडी अर्ध्या शिजल्या की घोटलेली डाळ ओतायची, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ घालायचा आणि मंद आचेवर रटरटू द्यायचं. शेवटी बगार. बगार म्हणजे फोडणीच, पण वरून द्यायची: तेलात जिरं, सुक्या मिरच्या, लसूण, कढीपत्ता, ओतल्याबरोबर झाकण ठेवायचं, नाहीतर सगळा वास शेजाऱ्यांना जातो. सोबत बगारा भात, म्हणजे खडा मसाला, तळलेला कांदा, पुदिना आणि हिरवी मिरची घातलेला साधा भात. मराठवाड्यातल्या आमच्या लग्नांत बिर्याणी आत्ता आत्ता आली. आधी पंगतीला बगारा-दालचाच असायचा, आणि महिनाअखेरीला घरात मटणाला पैसे नसले की नुसत्या दुधीचा दालचा व्हायचा. म्हणजे मैत्रिणीने मटण वगळून केला त्यात वावगं काहीच नाही. तो आमच्याकडेही होतो. कुणी पदार्थ बदलला की "अस्सल राहिला नाही" म्हणून नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. स्वयंपाकघरात अस्सल फक्त भूक असते.

मला खटकलं ते नाव पुसलं गेलं ते.

यावर एक मैत्रीण म्हणाली, "अगं, पोटात गेलं ना? नावात काय आहे?" ती चांगल्या मनाने म्हणाली. पण नावात पुष्कळ आहे. पाककृती उंबरा ओलांडते तिथे डबा ओलांडत नाही, आणि डबा ओलांडतो तिथेही कधी कधी माणूस ओलांडत नाही. पाककृती देणं-घेणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. त्यात कुणाचं भांडं कुणाला लागत नाही. म्हणून दोन समाजांच्या बायकांनी एकमेकींच्या पाककृती लिहून घेतल्या की लगेच "बघा, किती एकोपा" असं म्हणायची घाई मी करणार नाही. रमजानमध्ये टोप्या घालून फोटो काढणाऱ्या इफ्तार पार्ट्यांसारखंच ते वरवरचं होऊ शकतं. त्यात निदान फळं कुणी दिली हे तरी माहीत असतं.

मैत्रिणीची बाजू मला कळते. घरात रोज तिला राहायचंय. दालच्याचं खरं नाव सांगितलं असतं तर ताट तसंच राहिलं असतं, पुढचे चार दिवस टोमणे ऐकावे लागले असते. मी तिला दोष देत नाही. पण एक हिशेब मांडून बघते. त्या माऊलीच्या मनात मुसलमानांच्या घरी काय शिजतं याचं एक चित्र आहे. त्या चित्रात हरभऱ्याची डाळ नाही, दुधी नाही, चिंच नाही, कढीपत्ता नाही. ते चित्र बदलण्याची संधी स्वतः चालून त्यांच्या ताटात आली, त्यांना आवडलीसुद्धा, आणि चित्र जसंच्या तसं राहिलं.

आमच्या घरात उलटा प्रवास कसा झाला तेही सांगते. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' 1970 मध्ये आलं. आमच्याकडे ते अब्बांनी कुठून तरी जुनं आणलं होतं. अम्मीला उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. मी ओट्यापाशी उभी राहून मोठ्याने वाचायचे, "दोन वाट्या अमुक, एक चमचा तमुक", आणि ती करायची. वाटी-चमच्याचं माप असल्याने अम्मीचा त्या पुस्तकावर फार विश्वास. माझं मराठी वाचन शाळेपेक्षा त्या ओट्यावर पक्कं झालं असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते. त्या पुस्तकातून जे जे घरात आलं ते आपापल्या नावानेच आलं. ईदला शीरखुर्म्याच्या शेजारी चकल्या असायच्या, आणि पाहुण्यांना अम्मी सांगायची, "ये चकली है, किताब में देख के बनाई." नाव बदलायची गरज तिला कधी पडली नाही. कुणी आमच्याकडे चकली खाल्ली म्हणून त्याचा धर्म बुडत नव्हता, हे एक कारण आहेच. आम्हाला ते सोपं होतं, हे मान्य.

भाषेने मात्र हा प्रश्न कधीच सोडवून टाकलाय. मी उर्दू शिकवते आणि मराठीही शिकवते, त्यामुळे हे रोज दिसतं. मैदा, मसाला, तवा, चमचा, हलवा, पनीर, दालचिनी हे शब्द फारसी-अरबी-तुर्कीच्या वाटेने आले, आणि सोवळ्यातल्या स्वयंपाकघरातही कुणी त्यांना बाहेर उभं केलं नाही. तिकडून आमच्या दखनीने मराठीतला 'नको' घेतला, त्याचा 'नक्को' केला, आणि शब्दाला शेवटी लावायचा 'च'सुद्धा उचलला. शब्द आले ते स्वतःचं नाव घेऊनच आले. मग दालच्यालाच आमटी का व्हावं लागतं?

आता आपल्या लोकांशीही थोडं बोलायचं आहे. नाव पुसण्यात आपलाही हात आहे. हिंदू मैत्रीण घरी जेवायला येणार म्हटलं की आपण काय करतो? बिर्याणी. तीही हैदराबादी म्हणून सांगतो. तिच्या डोक्यात मुसलमान म्हणजे बिर्याणी असतंच, आपण त्यावर शिक्का मारून देतो. रोज घरात काय असतं? ज्वारीची भाकर, खट्टी दाल, मिरचीचा ठेचा. अंबाडीचा पाला त्यांच्याकडे डाळ-कण्या घालून शिजतो आणि वर लसणाची फोडणी पडते, आपल्याकडे तोच पाला गोश्तमध्ये पडतो. बाजारात एकाच बाईच्या टोपलीतून दोन्ही घरांना जुडी जाते. पण पाहुण्यापुढे अंबाडा ठेवायची आपल्याला लाज वाटते, कारण तो शाही नाही. आपले पूर्वज सगळे जणू दस्तरखानावरच जन्मले होते! याच मातीतले शेतकरी, विणकर, बागवान, आतार होते, आणि भाकर खात होते. ती भाकर लपवून आपण स्वतःलाच परके करतो आणि मग लोक परके म्हणतात म्हणून दुखावतो.

आणखी एक अडचण आहे, ती पाककृतीत लिहिता येत नाही. 2015 मध्ये राज्यात गाय-बैलांच्या कत्तलीवर पूर्ण बंदी आली, तेव्हापासून "मटण कशाचं?" हा साधा प्रश्न राहिलेला नाही. मैत्रीण विचारते तेव्हा तिच्या मनात फक्त शिजायला किती वेळ लागेल एवढंच असतं. तरी माझ्या तोंडून "बकऱ्याचं, बकऱ्याचं" असं दोनदा निघतं. एकदा म्हटलं तरी पुरलं असतं, पण तसं होत नाही.

म्हणून आमच्या घोळक्यात मी आता एक अट घातली आहे. पाककृती घ्या, मटण काढा, बटाटा घाला, काय हवं ते करा. नाव मात्र तेच ठेवा. कुणी विचारलं तर कुणाकडून घेतली तेही सांगा. जिला घरात जमत नसेल तिने निदान मुलांना सांगावं. मीही येसराला येसरच म्हणते, आणि नांदेडच्या मैत्रिणीच्या आईची पद्धत म्हणून सांगते.

पुण्याच्या मैत्रिणीने हे सगळ्यात आधी मनावर घेतलं. तिच्या सोसायटीत डबे एकत्र करून जेवतात तिथे तिने दालचा नेला. कुणीतरी म्हणालं, हैदराबादी दिसतोय. तिने सांगितलं, नाही, परभणीचा आहे, माझ्या मैत्रिणीच्या घरचा. हे तिने मला फोन करून सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं. मग बोलता बोलता तिने गुळाचा खडा घातल्याचंही सांगितलं. चिंच आली की गूळ आलाच पाहिजे, हे तिचं म्हणणं. मी तिला म्हटलं, मग चिंच कमी घाल. ते भांडण अजून मिटलेलं नाही.