ताळा दुसऱ्या वाटेने

विल्यम शँक्स या इंग्रज गणितप्रेमीने १८७३ मध्ये ‘पाय’चे मूल्य ७०७ दशांश स्थळांपर्यंत प्रसिद्ध केले. सारी आकडेमोड हाताने, वर्षानुवर्षे खपून केलेली. ५२८व्या स्थळापासून पुढे ती चुकली होती, आणि हे उघड व्हायला १९४०चे दशक उजाडावे लागले. डी. एफ. फर्ग्युसन यांना तफावत दिसली ती वेगळ्या सूत्राने मूल्य काढल्यामुळे. केलेले गणित नुसते पुन्हा वाचले, तर मन त्याच जागी पुन्हा फसते. म्हणून उत्तर दुसऱ्या वाटेने तपासावे, असा आमचा आग्रह आहे.

परीक्षेत एवढा वेळ कुठे असतो, हा विद्यार्थ्यांचा आक्षेप खरा आहे. पण दुसरी वाट लांबचीच असते असे नाही. ४३ गुणिले २६ म्हणजे १११८. घाईत ११८१ लिहिले गेले, तर नऊचा ताळाही जुळतो, कारण अंकांची बेरीज तीच राहते. मात्र ३ आणि ६ यांचा गुणाकार १८, म्हणजे उत्तराच्या शेवटी ८ हवा. एवढे पाहिले की चूक क्षणात सापडते. समीकरणात किंमत परत घालून पाहणे किंवा वजाबाकीचा ताळा बेरजेने घेणे यालाही मिनिट लागत नाही. खरी अडचण शिकवण्यात आहे. वर्गात पडताळा बहुधा उत्तरानंतर, उरल्या वेळात येतो. तो उदाहरणाचाच भाग मानून उत्तरपत्रिकेत त्याला स्वतंत्र गुण ठेवावेत.