काचेवर वाफ धरते म्हणून हेल्मेट नको? हे कारण आता पुरे!

हेल्मेट का घातलं नाही, असं विचारलं की ठरलेली उत्तरं येतात. केस गळतात, मान दुखते, मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही, जवळच तर जायचं होतं. पावसाळा किंवा थंडी सुरू झाली की या यादीत आणखी एक उत्तर वाढतं : "डॉक्टर, काचेवर वाफ धरते, समोरचं काही दिसत नाही. त्यापेक्षा हेल्मेट नसलेलं बरं."

बाकीच्या कारणांपेक्षा मी या कारणाला जास्त मान देतो, कारण त्यातला पहिला अर्धा भाग पूर्ण खरा आहे. वाफ धरते, आणि पावसाळी रात्री समोरून ट्रकचे दिवे आले की पांढऱ्या पडद्यापलीकडे काहीही दिसत नाही. हा धोका कोणी हसण्यावारी नेऊ नये. पण दुसरा अर्धा भाग, म्हणजे 'त्यापेक्षा हेल्मेट नसलेलं बरं', हा सरळसरळ जिवावर बेतणारा आहे. गरम चहाचा कप तोंडाशी नेला की चष्म्यावरही वाफ धरते. म्हणून कोणी चष्मा फेकून देत नाही. पुसतो आणि चहा पितो. मग डोक्याच्या बाबतीतच आपण इतके उदार का होतो?

वाफ येते कुठून?

तुमच्याच श्वासातून. तोंडावाटे बाहेर पडणारी हवा साधारण ३४ अंश सेल्सियसची आणि बाष्पाने जवळजवळ भरलेली असते. ३४ अंशांना एक घनमीटर हवा सुमारे ३७ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरू शकते, २० अंशांना मात्र फक्त १७ ग्रॅम. पावसाने आणि वाऱ्याने काच बाहेरून गार झालेली असते. गरम श्वास तिच्यावर आदळला की जास्तीच्या वाफेचं पाणी होतं आणि काचेच्या आतल्या बाजूला सूक्ष्म थेंब बसतात. प्रत्येक थेंब प्रकाश विखुरतो, म्हणून काच पांढरी दिसते. सिग्नलला थांबल्यावर हेल्मेटमध्ये वारा खेळत नाही, त्यामुळे तिथे काच सगळ्यात लवकर धुरकटते.

यातून तीन उपाय आपोआप निघतात : श्वास काचेकडे जाऊ द्यायचा नाही, गेलाच तर वाऱ्याने बाहेर काढायचा, आणि तरीही पाणी जमलंच तर त्याचे थेंब होऊ द्यायचे नाहीत. यात अवघड असं काहीच नाही.

काच वर करून चालवली तर?

सगळेजण हाच मार्ग काढतात. संथ गतीत काच एखादा टप्पा किलकिली ठेवणं योग्यच आहे. पण पूर्ण वर करून पावसात वेगाने जाणं म्हणजे डोळे उघड्यावर टाकणं. थेंब टोचतात, डोळे आपोआप मिटतात. संध्याकाळी किडे, उन्हाळ्यात धूळ आणि वाळूचा कण डोळ्यात जातो. असा कण चोळून चोळून बुबुळावर ओरखडा पाडून घेतलेले रुग्ण कुठल्याही डॉक्टरला नवीन नाहीत.

दुसरा मार्ग त्याहून वाईट : चालत्या गाडीवर एक हात सोडून काचेच्या आत बोट घालून पुसणं. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. दोन सेकंदांच्या पुसण्यात तुम्ही २८ मीटर अंतर एका हाताने, अर्धवट बघत कापलेलं असतं. आणि तिसरा मार्ग म्हणजे हेल्मेट काढून हँडलला लटकवणं. त्या वेळी सुरक्षित कोण असतं? हँडल!

डोक्याचा हिशोब

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातल्या ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

मृत्यूचे आकडे छापून येतात. जे वाचतात त्यांचं पुढे काय होतं, ते आमच्यासारख्या फिजिशियनकडे दिसतं. झटके येऊ लागतात, नाव आठवत नाही, शांत माणूस चिडखोर होतो, नोकरी टिकत नाही, अंथरुणाला खिळलेल्या तरुणाची कूस म्हातारी आई बदलत बसते. मेंदूला मार लागला की तो हाडासारखा सांधून मिळत नाही. या पारड्यासमोर दुसऱ्या पारड्यात काय आहे? धुरकट काच. आणि तिच्यावर घरातच उपाय आहे.

काय करावं?

१. नाकाने श्वास घ्या आणि नाकानेच सोडा. नाक बाहेर जाणाऱ्या हवेतली थोडी उष्णता आणि ओलावा परत राखून घेतं, शिवाय नाकातला श्वास खालच्या दिशेने जातो. तोंडाने सोडलेला श्वास सरळ काचेवर आदळतो. ज्यांचं नाक ॲलर्जीने किंवा सर्दीने कायम चोंदलेलं असतं, त्यांची काच म्हणूनच जास्त धुरकटते. अशांनी हेल्मेटला दोष देण्याआधी नाकाचा इलाज करून घ्यावा. नाचता येईना, अंगण वाकडं असं नको.

२. हनुवटीजवळची आणि कपाळावरची वारा येण्याची छिद्रं उघडा. अनेकांच्या हेल्मेटला ती असतात आणि विकत घेतल्यापासून बंदच असतात. नाकावर बसणारी श्वास खाली वळवणारी रबरी पट्टी मिळत असेल तर जरूर लावा.

३. साबणाचा उपाय. काच कोमट पाण्याने आणि मऊ कापडाने स्वच्छ करून पूर्ण वाळवा. भांडी घासायच्या द्रव साबणाचा किंवा लहान मुलांच्या शाम्पूचा एकच थेंब आतल्या बाजूने कापसाने पातळ पसरवा. वाळू द्या आणि काच पुन्हा स्वच्छ दिसेपर्यंत मऊ कोरड्या कापडाने हलकेच पुसा. साबणामुळे पाण्याचे थेंब न बनता सपाट थर बनतो आणि आरपार दिसतं. हा लेप कायमचा नसतो, पावसाळ्यात दर एक-दोन दिवसांनी लावावा लागतो. जास्त लावू नका, ओघळून डोळ्यात गेला तर चुरचुरेल.

४. रोज लांबचा प्रवास असेल तर वाफरोधक काच किंवा आतून बसवायची पिनलॉक पद्धतीची दुसरी काच घ्या. दोन काचांमध्ये हवेचा बंदिस्त थर राहतो, त्यामुळे आतली काच गार पडत नाही. आधी आपल्या हेल्मेटला ती बसते का ते पाहा. अशा काचेला साबण लावू नका, तिचा लेप खराब होतो.

५. हेल्मेट वाळवा. ओल्या अस्तराचं पाणीही काचेवरच जाऊन बसतं. रात्री पंख्याखाली उलटं ठेवा, अस्तर निघत असेल तर धुवा. डोक्याला येणारा कुबट वास आणि खाजही कमी होईल.

६. चष्मा असेल तर साबणाचा थेंब त्यालाही चालतो, मात्र भिंगावर विशेष लेप असल्यास आधी चष्मेवाल्याला विचारा.

काय करू नये?

काही ट्रकचालक समोरच्या काचेला बाहेरून तंबाखू किंवा बटाटा चोळतात. ते पाहून कोणी हेल्मेटच्या आत, डोळ्यांपासून चार बोटांवर, तंबाखू चोळू नये. टूथपेस्टने काचेवर चरे पडतात आणि रात्री प्रत्येक चरा चमकतो. पेट्रोल, थिनर आणि अमोनिया असलेले काच पुसायचे फवारे प्लास्टिकची काच कमकुवत करतात. रात्री काळी काच लावू नका. आणि चरे पडलेली काच बदला, ती हेल्मेटपेक्षा खूप स्वस्त असते.

धूसर काच की धूसर डोळा?

एक गोष्ट डॉक्टर म्हणून सांगायलाच हवी. काच स्वच्छ असताना किंवा वर केल्यावरही समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात का? रात्री गाडी चालवणं वर्षभरात जड वाटू लागलं आहे का? मग दोष काचेचा नसावा. पन्नाशीनंतर, आणि मधुमेह असेल तर त्याआधीही, मोतीबिंदूची सुरुवात अशी होऊ शकते. नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्या. इंद्रधनुष्यासारखी रंगीत वलयं, डोळा दुखणं आणि डोकं दुखणं एकत्र असेल तर त्याच दिवशी जा, ते काचबिंदूचं लक्षण असू शकतं.

विकणाऱ्यांना आणि पावती फाडणाऱ्यांना

दोष एकट्या दुचाकीस्वाराचा नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२९ हेल्मेट बंधनकारक करतं. १ जून २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचं प्रमाणपत्र नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे. तरीही पदपथावर टोपीसारखी हेल्मेटं सर्रास मिळतात. ती पावतीपासून वाचवतात, फूटपाथच्या कडेपासून नाही. दुकानदार रंग दाखवतो, छिद्रं कशी उघडायची ते दाखवत नाही. ज्या देशात चार महिने पाऊस पडतो तिथे वाफ न धरणारी काच ही चैनीची वस्तू का असावी? आणि पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून कारवाई कडक झाली तेव्हा विरोधही तितकाच जोरात झाला, वादही खूप झाले. हेल्मेट सोयीचं कसं करायचं, यावर मात्र दोन्ही बाजू जवळपास गप्पच होत्या. दंडाच्या पावतीमागे वरचे सहा उपाय छापले तर शाई फार जाणार नाही.

पण दुकानदार सुधारेल, सरकार जागं होईल, तोवर तुम्हाला घरी तर जायचंच आहे. आज रात्री पाच मिनिटं काढा. काच धुवा, साबणाचा थेंब लावा, छिद्रं उघडा. उद्या सकाळी हेल्मेट घाला आणि हनुवटीखालचा पट्टा बांधा, कारण न बांधलेलं हेल्मेट आपटण्याआधीच डोक्यावरून निघून जातं. मागे बसणाऱ्या बायकोच्या, मुलाच्या डोक्यावरही ते हवं. पुढच्या वेळी दवाखान्यात याल तेव्हा हेल्मेट हातात असू द्या. काचेबद्दल तक्रार असली तर आपण नक्की बोलू.