परदेशातील कार्ड आणि परतीची शिल्लक

वडनेर (जि. वर्धा) : नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावरून जाणाऱ्या वडनेर परिसरातील वाहनधारकांना दारोडा टोलनाका नवा नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये देशभरातील राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला आणि नाक्यावरील सुट्या पैशांची हुज्जत बहुतांशी संपली. आधी पैसे भरायचे आणि फाटकातून जाताना ते आपोआप वळते व्हायचे, हा व्यवहार येथील शेतकरी, व्यापारी व नोकरदारांच्या अंगवळणी पडला आहे. मात्र याच कुटुंबातील कोणी पासपोर्ट घेऊन परदेशी निघाले की तोच साधा व्यवहार गुंतागुंतीचा होऊन बसतो. तेथील मेट्रोसाठी कोणते कार्ड घ्यावे, बँकेचे फॉरेक्स कार्ड पुरेल काय, की नेहमीचे डेबिट कार्डच न्यावे, या प्रश्नांची उत्तरे बहुधा प्रवासी कंपनीच्या किंवा परदेशस्थ मुलांच्या सल्ल्यावर सोडली जातात.

हा प्रश्न आता केवळ महानगरांतील हौशी पर्यटकांपुरता राहिलेला नाही. विदर्भातील असंख्य तरुण शिक्षण व नोकरीच्या निमित्ताने पुणे, हैदराबाद, बंगळुरूमार्गे परदेशी स्थिरावले आणि त्यांच्यामागून आई-वडिलांच्या फेऱ्या सुरू झाल्या. या प्रवासाला लागणारा पैसा अनेकदा कापूस-सोयाबीनच्या हंगामातून किंवा निवृत्तिवेतनातून बाजूला काढलेला असतो. अशा पैशातील तीन-चार टक्के रक्कम कोणत्या वाटेने जाते, हे निघण्यापूर्वी समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

एक कार्ड, दोन कामे

सर्वप्रथम लक्षात घ्यावयाची बाब अशी की, 'परदेशात चालणारे कार्ड' या एका नावाखाली दोन वेगळी साधने येतात. पहिले साधन म्हणजे त्या-त्या शहराचे वाहतूक कार्ड. मेट्रोच्या फाटकावर क्षणात रक्कम वळती करणे हे त्याचे मुख्य काम. किरकोळ दुकानांत पैसे देण्याची सोय ही पुढची जोड. हाँगकाँगमध्ये १ सप्टेंबर १९९७ रोजी सुरू झालेले ऑक्टोपस कार्ड हे त्याचे गाजलेले उदाहरण. दुसरे साधन म्हणजे बँकेचे आगाऊ भरणा केलेले फॉरेक्स कार्ड. हॉटेल, खरेदी, औषधोपचार अशा मोठ्या खर्चासाठी ते उपयोगी पडते.

कार्ड निवडताना कोणते स्वस्त, एवढेच बहुतेक प्रवासी विचारतात. वास्तविक आगाऊ भरण्याच्या कार्डाचा खरा खर्च प्रवास संपल्यावर कळतो. कार्डात उरलेली रक्कम कोठे, कोणत्या दराने आणि किती खटपटीने परत मिळते, यावर त्याची किंमत ठरते. वडनेरला परतलेल्या प्रवाशाला टोकियोच्या स्थानकावरील खिडकी पुन्हा गाठता येत नाही.

टोकियो ते दुबई

जपानचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ईस्ट जपान रेल्वे कंपनीने नोव्हेंबर २००१ मध्ये आणलेले 'सुईका' कार्ड आज त्या देशातील बहुतेक मोठ्या शहरांत चालते. त्यासाठी ५०० येन अनामत द्यावी लागते. कार्ड परत केल्यास अनामत मिळते. मात्र शिल्लक रकमेतून २२० येन शुल्क कापले जाते. शिवाय हे कार्ड त्याच कंपनीच्या हद्दीत परत करावे लागते. टोकियोत उतरून ओसाकाहून मायदेशी परतणाऱ्या प्रवाशाचे कार्ड वापरास चालते, पण तेथे ते परत करता येत नाही. खास पर्यटकांसाठी असलेल्या 'वेलकम सुईका'ला अनामत नाही. तथापि त्याची मुदत २८ दिवसांची असून उरलेली रक्कम परत मिळत नाही. थोडक्यात, आठवड्याच्या सहलीला दुसरे कार्ड सोयीचे, तर मुलाकडे दोन महिने राहणाऱ्या पालकांना पहिले अधिक उपयुक्त. यंत्रावर प्लॅस्टिकच्या कार्डात भरणा करताना बहुतेक ठिकाणी रोख येनच लागतात, हेही ध्यानात ठेवावे. चिपच्या टंचाईमुळे जून २०२३ पासून नोंदणीविना मिळणाऱ्या सुईकाची विक्री थांबवावी लागली होती. ती मार्च २०२५ मध्ये पूर्ववत झाली.

लंडनने निराळा मार्ग धरला. तेथे २००३ मध्ये ऑयस्टर कार्ड आले आणि २०१४ पासून भुयारी रेल्वेतही बँकेचे कॉन्टॅक्टलेस कार्ड थेट फाटकावर लावण्याची मुभा मिळाली. प्रौढ प्रवाशाला दोन्हींचे भाडे आणि दैनंदिन कमाल मर्यादा सारखीच. त्यामुळे दोन-तीन दिवसांसाठी वेगळे कार्ड विकत घेण्याचे कारण उरत नाही. ऑयस्टरमधील शिल्लक परत मिळते, पण कार्डाची किंमत मिळत नाही. अपवाद आहे तो मुलांचा. ११ ते १५ वयोगटातील पाहुण्या मुलांना मिळणारी अर्ध्या भाड्याची सवलत ऑयस्टरवरच नोंदवावी लागते. आणखी एक दंडक म्हणजे प्रत्येक प्रवाशाला स्वतंत्र कार्ड हवे. एकाच कार्डावर पती-पत्नी दोघांना आत जाता येत नाही. आत शिरताना मोबाईल आणि बाहेर पडताना कार्ड लावले, तर यंत्रणा ते दोन अपूर्ण प्रवास समजते आणि कमाल भाडे आकारते.

सिंगापूरमध्ये परदेशी बँकेचे व्हिसा किंवा मास्टरकार्ड फाटकावर चालते. मात्र वापराच्या प्रत्येक दिवशी ०.६० सिंगापुरी डॉलर प्रशासकीय शुल्क लागते. दोन दिवसांच्या मुक्कामात ते जाणवत नाही, महिनाभरात जाणवते. दुबईतील चंदेरी 'नोल' कार्ड २५ दिरहमला मिळते आणि त्यापैकी १९ दिरहम प्रवासासाठी वापरता येतात. सहा दिरहम ही कार्डाची किंमत. त्याची मुदत पाच वर्षे असल्याने आखातात नोकरीला असलेल्या मुलाकडे वारंवार जाणाऱ्यांनी ते जपून ठेवणे शहाणपणाचे. न्यूयॉर्कबाबत मात्र जपून ठेवलेले जुने कार्ड कामी येईलच असे नाही. तेथील पिवळ्या मेट्रोकार्डची विक्री आणि भरणा २०२५ च्या अखेरीस बंद झाला असून 'ओम्नी' या टॅप पद्धतीने त्याची जागा घेतली आहे.

शिल्लक डोळ्यांसमोर असण्याचे महत्त्व किती, हे सिंगापूरच्याच घटनेवरून दिसून आले. जुनी कार्डे १ जून २०२४ पासून बाद करून सर्वांना 'सिंपलीगो' या खात्याधारित पद्धतीवर नेण्याचा निर्णय तेथील भू-वाहतूक प्राधिकरणाने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केला होता. नव्या पद्धतीत फाटकावर भाडे व शिल्लक दिसत नाही, यावरून नागरिकांत तीव्र नाराजी उमटली आणि त्याच महिन्यात निर्णय मागे घ्यावा लागला. तंत्रज्ञानाच्या बाबतीत अग्रेसर असलेल्या शहरातील रहिवाशांनाही खिशात किती उरले हे पाहायचे असते, हा त्याचा अर्थ.

बँकेच्या कार्डाचा हिशेब

मोठ्या खर्चाच्या कार्डाबाबत गणित वेगळे आहे. अनेक भारतीय बँकांच्या नेहमीच्या डेबिट व क्रेडिट कार्डांवर परकीय चलनातील खर्चासाठी साडेतीन टक्क्यांच्या आसपास अधिभार लागतो आणि त्या अधिभारावर १८ टक्के वस्तू व सेवा कर. म्हणजे एक लाख रुपयांच्या खर्चामागे ३,५०० रुपये अधिभार आणि ६३० रुपये कर, असे एकूण ४,१३० रुपये जातात. फॉरेक्स कार्डात परकीय चलन निघण्यापूर्वीच विकत घेतले जात असल्याने दर निश्चित होतो. एक लाख रुपयांच्या चलनखरेदीवरील कर सुमारे १८० रुपये इतकाच असतो.

तथापि फॉरेक्स कार्ड फुकट नसते. बँकेचा नफा चलनाच्या विक्रीदरातच दडलेला असतो. कार्ड देण्याचे, पुन्हा भरणा करण्याचे, एटीएममधून रोख काढण्याचे आणि काही बँकांत कार्ड दीर्घकाळ न वापरल्याचेही शुल्क असते. डॉलर भरलेल्या कार्डाने येनमध्ये खर्च केल्यास चलनांतराचे वेगळे शुल्क पडते. परतल्यावर शिल्लक रुपयांत बदलताना बँक आपला खरेदीदर लावते आणि तो विक्रीदरापेक्षा कमी असतो. एकाच पैशावर जाताना व येताना असा दोनदा तोटा होतो. त्यामुळे एकदम मोठी रक्कम न भरता निम्म्या अंदाजाने सुरुवात करावी आणि गरज पडल्यास घरच्यांकरवी पुन्हा भरणा करावा, हा मार्ग हिताचा. त्यासाठी ही सोय कोणाला, कशी वापरता येईल, हे बँकेत आधीच विचारून ठेवावे.

परदेशी दुकानदार यंत्र पुढे करून 'रुपयांत देणार की स्थानिक चलनात?' असा पर्याय देतो, तेथेही सावधगिरी हवी. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो. पण त्यात दुकानाच्या बाजूने ठरलेला चढा दर लागतो. अशा वेळी स्थानिक चलनच निवडावे.

नियमांची चौकट

रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशानुसार नवे कार्ड केवळ देशांतर्गत वापरासाठी सुरू असते; आंतरराष्ट्रीय व्यवहार ग्राहकाने स्वतः सुरू करून घ्यावे लागतात. ही तजवीज सुरक्षिततेसाठी योग्यच आहे. परंतु ती ठाऊक नसलेल्या ज्येष्ठ प्रवाशाचे कार्ड परदेशी विमानतळावर नाकारले जाते आणि पडताळणीचा संकेतांक ज्या मोबाईलवर यायचा, त्याचे रोमिंग बंद असते. गाव सोडण्यापूर्वी या दोन्ही गोष्टी तपासणे अगत्याचे आहे.

बहुतेक देशांसाठी एका भेटीत ३,००० डॉलरपर्यंतच परकीय नोटा नेता येतात. उरलेली रक्कम कार्ड वा अन्य मार्गाने न्यावी लागते. परतल्यानंतर २,००० डॉलरपर्यंतचे परकीय चलन जवळ ठेवता येते आणि त्यावरील रक्कम १८० दिवसांच्या आत परत करावी लागते. फॉरेक्स कार्डातील भरणा वार्षिक अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत मोजला जातो. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांवरील अशा रकमेवरच उगमस्थानी कर वसूल होत असल्याने सामान्य कुटुंबाला त्याची झळ सहसा बसत नाही. आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्डावरील परदेशातील खर्च या मर्यादेत आणण्याचा मे २०२३ मधील निर्णय केंद्र सरकारने पुढच्याच महिन्यात लांबणीवर टाकला.

यूपीआयचा विस्तार भूतान, नेपाळ, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, फ्रान्स, श्रीलंका, मॉरिशस आदी देशांत झाला आहे, ही अभिमानाची बाब. मात्र ती सोय ठरावीक दुकानांपुरती आहे. मेट्रोच्या फाटकावर तिच्या भरवशावर राहता येणार नाही.

घरचा धडा

भारतानेही मार्च २०१९ मध्ये 'एक देश, एक कार्ड' ही संकल्पना नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डाच्या रूपाने पुढे आणली. त्याच धर्तीवर मुंबईत 'मुंबई-१', पुण्यात 'एक पुणे' अशी कार्डे आली. फाटकावर वापरायची रक्कम या कार्डांत चिपमध्येच साठवलेली असते. त्यामुळे कार्ड हरवले की ती रक्कमही बहुधा गेलीच. म्हणजे शिल्लकेचा प्रश्न घरीही सुटलेला नाही. नागपूर मेट्रोचे महाकार्ड घेऊन सीताबर्डी ते एअरपोर्ट असा एक फेरा मारला, तर टॅप करून आत जाण्याची व त्याच कार्डाने बाहेर पडण्याची सवय ज्येष्ठांना निघण्यापूर्वी होऊ शकते.

या सर्वांचा निष्कर्ष काढावयाचा तर तो असा : जेथे बँकेचे कार्ड फाटकावर चालते, तेथे अल्प मुक्कामासाठी वेगळे वाहतूक कार्ड घेऊ नये. मुक्काम लांबणार असेल तर ते घ्यावे, त्यात थोडी रक्कम भरावी आणि शेवटच्या दोन दिवसांत ती किरकोळ खरेदीत संपवावी. मोठ्या खर्चासाठी त्या देशाच्या चलनात भरलेले फॉरेक्स कार्ड घ्यावे आणि नेहमीचे कार्ड अडीअडचणीसाठी वेगळ्या खिशात ठेवावे.

बँकांचेही काही कर्तव्य आहे. कार्ड विकताना शंभर डॉलर भरले व वीस उरले तर हाती किती रुपये पडतील, हा हिशेब मराठीत एका पानावर छापून देणे त्यांना अवघड नाही. परकीय चलनाचा व्यवहार करणारी शाखा गावात असेलच असे नाही. वडनेरसारख्या ठिकाणच्या ग्राहकाला त्यासाठी हिंगणघाट, वर्धा वा नागपूरला खेटे घालावे लागतात. त्याच्या शंकांचे निरसन विमानात बसण्यापूर्वीच झाले पाहिजे.