पोळ्याच्या सुमारासच बैलांवर गोचीड का वाढतात? ऊन, पाऊस आणि वणीच्या कोठ्यांचा हिशोब

खांदशेकणीला बैल धुवायला घेतले की हात कुठे अडकतो, हे वणी तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. कानाच्या आत, शेपटीच्या मुळाशी, पायांच्या काखेत. तिथे एरंडीच्या बीसारखे टणक, राखाडी दाणे लागतात. हेच गोचीड.

याच दिवसांत मोबाइलवर दोन दावे फिरतात. पहिला, 'यंदा ऊन एवढं तापलं की सगळे किडे मेले, आता काळजी नको.' दुसरा, 'यंदा पाऊस जास्त, म्हणजे गोचीड जास्त.' दोन्ही अर्धेच खरे आहेत. अडचण अशी की या अर्धवट माहितीवर औषध कधी मारायचं हे ठरतं, आणि बहुतेकांचं औषध दोन महिने उशिरा पडतं.

आधी गोचीड राहतो कुठे ते बघू

गोचीड कीटक नाही. त्याला आठ पाय असतात, तो कोळी आणि विंचवाच्या कुळातला. आपल्याकडच्या जनावरांवर मुख्यतः दोन जातींचे गोचीड सापडतात, रिपिसेफॅलस आणि हायलोमा. दोघांचं अन्न एकच, रक्त. पण आयुष्याचा बराच काळ ते जनावराच्या अंगावर नसतातच.

रक्त पिऊन फुगलेली मादी खाली गळून पडते. शेणाच्या ढिगाखाली, गवताच्या बुडाशी, कोठ्याच्या भेगेत शिरते आणि तिथे साधारण दोन ते तीन हजार अंडी घालून मरते. अंड्यातून सहा पायांची, मोहरीहून लहान पिल्लं निघतात. ती गवताच्या पात्यावर चढून पुढचे पाय हवेत पसरून बसतात. जनावर घासून गेलं की चिकटतात.

म्हणजे बैलाच्या अंगावर दिसतात ते एकूण गोचिडांपैकी थोडेच. बाकीचे जमिनीवर आणि भिंतीत आहेत. हवामानाचा मारा बसतो तो त्या बाकीच्यांवर.

ऊन वेग ठरवतं, ओल जीव ठरवते

वणीचा मे महिना कसा असतो हे सांगायला नको. शेजारच्या चंद्रपूरचं नाव देशातल्या सर्वात उष्ण शहरांच्या यादीत दरवर्षी असतं, आणि आपला पारा काही फार मागे नसतो. पंचेचाळीसच्या आसपासच्या कोरड्या उन्हात उघड्यावर पडलेली अंडी वाळून जातात. त्यामुळे पहिल्या दाव्यात तथ्य आहे.

पण मादी उघड्यावर अंडी घालत नाही. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मातीच्या कोठ्याच्या भिंतीतही फटी असतात. पाण्याच्या टाक्याजवळची जागा, उकिरड्याचा तळ, गव्हाणीची मागची बाजू इथे सावली आणि थोडी ओल टिकते. वेधशाळेचा आकडा गावाचा असतो, गोचिडाचं हवामान त्याच्या भेगेतलं असतं.

शिवाय गोचिडाकडे एक विलक्षण युक्ती आहे. तहान लागली की तो तोंडावर खारट लाळ सोडतो. ती लाळ हवेतली वाफ शोषते आणि मग तो ती परत गिळतो. पाण्याचा थेंब न पिता, नुसत्या दमट हवेवर तो महिनोन्‌महिने तग धरू शकतो. हवेत वाफ मात्र पुरेशी हवी, बहुतेक जातींना साधारण ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते. हायलोमा जास्त चिवट, तो कोरड्यातही टिकतो.

आता मृगाचा पाऊस पडतो. तापमान तिशीच्या आसपास येतं, हवा दमट होते. अशा हवेत रिपिसेफॅलसची अंडी तीनेक आठवड्यांत फुटतात. थंडीत त्यांनाच दोन महिन्यांहून जास्त लागू शकतात. जनावराच्या अंगावर चढल्यावर पिल्लापासून फुगलेल्या मादीपर्यंतचा प्रवास आणखी तीन आठवड्यांचा.

हिशोब मांडा. जूनच्या मध्यात मादी गळाली, पुढच्या दोन आठवड्यांत अंडी घालून झाली, जुलैच्या शेवटी पिल्लं निघाली, ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ती टपोरी झाली. पोळा येतो श्रावणी अमावस्येला, म्हणजे ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरात. आपल्याला ते दिसतात पोळ्याला, त्यांची पेरणी मात्र आपल्या पेरणीबरोबरच झालेली असते. आणि पोळ्याला जी मादी गळते, तिची पिल्लं दसरा-दिवाळीच्या सुमारास अंगावर येतात. ती दुसरी लाट.

थोडी जास्त ओल किती फरक पाडते, यासाठी एक काल्पनिक गणित. दोन हजार अंड्यांपैकी एक टक्का जगली तर २० गोचीड, त्यात समजा १० माद्या. पुढच्या पिढीत १०० माद्या. ओलीमुळे एकाऐवजी दोन टक्के जगली, तर पहिल्या पिढीत २० माद्या आणि दुसऱ्या पिढीत ४००. जगण्याचं प्रमाण दुप्पट झालं, संख्या चौपट.

मग जास्त पाऊस म्हणजे जास्त गोचीड? तसंही नाही. मुसळधार पावसात शेत तुंबलं की बरीच पिल्लं वाहून जातात. जुलै २०२२ मध्ये वर्धा नदीच्या पुराने वणी तालुक्यातल्या गावांना वेढलं होतं. अशा वेळी चराईचे गोचीड कमी होऊ शकतात, पण जनावरं उंचावरच्या एका जागी दाटीवाटीने बांधली जातात आणि एकाचे गोचीड दहांना लागतात. गोचिडांना मानवतो तो रिमझिम, अधूनमधून उघडीप देणारा आणि लांबलेला पाऊस. यातला 'लांबलेला' हा शब्द महत्त्वाचा. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये मान्सूनच्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या, तेव्हा राजस्थानातून परतीच्या प्रवासाची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. पाऊस उशिरा परतणार असेल तर दुसऱ्या लाटेला ओल मिळणार.

हवामान बदलामुळे गोचीड वाढतात, अशा अमेरिका-कॅनडातल्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तिथे त्यांना थंडी अडवते. हिवाळे सौम्य झाले की ते उत्तरेकडे सरकतात. आपल्याकडे त्यांना अडवतो तो कोरडेपणा. म्हणून तिकडचा निष्कर्ष इकडे जसाच्या तसा लावून चालत नाही. आपण थर्मामीटरपेक्षा आर्द्रतेकडे आणि पावसाच्या लांबीकडे बघायला हवं.

रक्त जातं ते वेगळं, ताप येतो तो वेगळा

गोचीड तापाने जनावर चारा सोडतं, अंग तापतं, गाठी सुजतात. कधी लघवी लाल किंवा कॉफीच्या रंगाची होते. थायलेरिओसिस आणि बबेसिओसिस हे त्यातले दोन मुख्य आजार. देशी जनावरं बऱ्यापैकी तोंड देतात, संकरित जर्सी-होल्स्टिन गाई पटकन कोसळतात. २००६ मध्ये पंतप्रधान पॅकेजमधून यवतमाळसह विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत दुधाळ जनावरं वाटली गेली. संकरित गाय दारात आली, तिच्यासोबत गोचीड तापाचा खर्चही आला. लम्पीचा विषाणू पसरवणाऱ्यांतही चावऱ्या माशा आणि डासांबरोबर गोचिडांचं नाव घेतलं जातं.

माणसांचं काय? महाराष्ट्रात गोचिडांमुळे माणसांना होणारा ठळक आजार म्हणजे माकडताप. २०१६ पासून सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांदा पट्ट्यात त्याचे रुग्ण सापडले. तिथला मोसम आपल्या उलट आहे. जंगलातल्या त्या गोचिडांची पिल्लं पावसाळा संपल्यावर, कोरड्या महिन्यांत सक्रिय होतात, नेमकी काजू वेचणीच्या काळात. जात बदलली की मोसम बदलतो.

आणि २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात ज्याची धास्ती होती तो स्क्रब टायफस गोचिडांमुळे होत नाही. तो चिगर नावाच्या, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या माइटच्या पिल्लामुळे होतो. व्हिडिओत फोटो मात्र हमखास गोचिडाचा असतो. पावसाळ्यात ताप असेल आणि अंगावर सिगारेटने भाजल्यासारखा काळा डाग दिसला, तर डॉक्टरांना तो दाखवा.

कपाशीचं औषध बैलावर नको

हे यवतमाळ जिल्ह्यात सांगावं लागतं याचं वाईट वाटतं. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात २० च्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यात दाखल झाली. तरी घरात उरलेलं कपाशीचं कीटकनाशक अंदाजाने पाण्यात मिसळून बैलाच्या अंगावर चोळण्याचा प्रकार थांबलेला नाही. बैल अंग चाटतो. चोळणाऱ्याच्या हातात मोजे नसतात. गाईचं दूध घरातली पोरं पितात. जनावरांसाठीची औषधं, डेल्टामेथ्रिन असो वा अमिट्राझ, वेगळ्या प्रमाणात येतात आणि तीही पशुवैद्यकाला विचारूनच वापरायची. अर्धवट मात्रा मारली की मरत नाहीत ते गोचीड पुढची पिढी वाढवतात. डेल्टामेथ्रिनला दाद न देणारे गोचीड देशात अनेक ठिकाणी आढळले आहेत.

वेळेबद्दल वरचा हिशोबच उत्तर देतो. पहिली फवारणी पाऊस लागता लागता, जेव्हा अंगावर चार-दोनच गोचीड दिसतात. अंगावरचा मुक्काम तीन आठवड्यांचा, म्हणून पशुवैद्यकाने सांगितलेल्या अंतराने पुन्हा. त्याच दिवशी कोठाही घ्यायचा. भिंतीच्या फटी बुजवून चुना द्या, गव्हाणीमागची घाण काढा, शेणाचा ढीग कोठ्यापासून लांब हलवा. नवीन जोडी आणली तर आठ-पंधरा दिवस ती वेगळी बांधा. कोंबड्या असतील तर कोठ्यात मोकळ्या सोडा, त्या गोचीड टिपून खातात. फक्त फवारणीच्या दिवसांत त्यांना बाहेर ठेवा.

अंगावरून ओढून काढलेला टपोरा गोचीड अंगणात टाकायचा नाही, पायाने चिरडायचाही नाही. ती बहुतेक वेळा अंड्यांनी भरलेली मादी असते. रॉकेल किंवा साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाका. जनावराला ताप असेल, लघवीचा रंग बदलला असेल, तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागता येते. आणि यंदाचा पोळा होऊन गेला असेल, तर दिवाळीच्या सुमारास येणारी लाट अजून जमिनीत आहे. कोठा धुवायला अजून वेळ आहे.