दुरुस्तीचा क्रम पावसाळ्यापूर्वी ठरवा

अतिवृष्टीने गावाचा रस्ता, वीज व पाणी ही एकाच रात्री बंद पडतात. परंतु ती पूर्ववत होतात ती मात्र एकामागून एक. म्हणून प्रथम काय दुरुस्त करावयाचे, हे प्रत्येक गावाने आधीच ठरवून ठेवले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

2025 च्या सप्टेंबरात अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी व आसपासच्या तालुक्यांना अतिवृष्टीचा मोठा तडाखा बसला. अशा वेळी एक सोय दुसरीवर कशी अवलंबून असते, ते ध्यानी येते. ओढ्यावरील मोरी वाहून गेली की विजेचे खांब व डीपी आणणारी गाडी पलीकडेच अडते. डीपी बसेपर्यंत पाणीपुरवठ्याच्या विहिरीवरील पंप चालत नाही व संकलन केंद्रातील दूध थंड होत नाही. मोबाईलच्या मनोऱ्याची बॅटरी संपली म्हणजे बिघाड कळविणेही दुरापास्त होते. सारांश, गावाचे पाणी पुष्कळदा मोरीपाशी अडलेले असते.

12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले व त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले. पुण्याचे पाणी खडकवासल्याहून येत असल्यामुळे पूर ओसरल्यावरही नळ कोरडेच राहिले. जुन्या विहिरी व हौद तेव्हा उपयोगी पडले. जुने साधन नव्याच्या अडचणीत कामास येते, हा त्यातील बोध होय.

खरी अडचण मात्र आपल्या मनाची आहे. आपला डीपी प्रथम बसावा, असे प्रत्येकास वाटते. वस्तुतः अतिवृष्टीनंतर पिकास पाणी देण्यापेक्षा शेतात साचलेले पाणी चर काढून बाहेर घालविणे अधिक निकडीचे असते. म्हणून ओलिताचा पंप काही दिवस थांबू शकतो. पिण्याचे पाणी थांबू शकत नाही. परंतु वस्तीवर राहणाऱ्या कुटुंबांचे पिण्याचे पाणी व कडबाकुट्टी पुष्कळदा शेतीच्या वाहिनीवरच चालते. त्यांना थांबावयास सांगावयाचे असेल, तर माणसांना व जनावरांना पाणी पोचविण्याची हमी ग्रामपंचायतीने आधी दिली पाहिजे. हमीवाचून केलेली विनंती न्याय्य ठरणार नाही.

यासाठी मे महिन्यातच ग्रामसभेने वायरमनला सोबत घेऊन गावाचा साधा नकाशा करावा. पाणीपुरवठ्याचा पंप गावठाणच्या वाहिनीवर आहे की शेतीच्या, कोणत्या मोरीवाचून गाव तुटते व पर्यायी वाट कोठून जाते, हे त्यात दाखवावे. हातपंप दुरुस्त करून ठेवावेत. दूध केंद्राने जनित्राची सोय करावी. दुरुस्तीचा क्रम चावडीवर लावावा.

ज्याची पाळी शेवटी येणार, त्याने ती पुराच्या दिवशी नव्हे, तर ग्रामसभेत बसून ऐकलेली असावी. मग गावात भांडण होणार नाही व दुरुस्तीस हातही अधिक लाभतील.