आधी फळी, मग फरशी

गेल्या हिवाळ्यात कुहीजवळच्या एका गावातील बहात्तर वर्षांच्या आजी उजव्या मनगटाला प्लास्टर घालून दवाखान्यात आल्या. दिवाळीपूर्वी मुलाने मोठ्या हौसेने स्वयंपाकघर नवे केले होते: ग्रॅनाइटचा ओटा, चकचकीत फरशी, छताखाली माळा. त्या आवराआवरीत तिखटाचा डबा माळ्यावर गेला. तो काढण्यासाठी आजी प्लास्टिकच्या स्टुलावर चढल्या आणि हातावर पडल्या. त्यांची हाडे ठिसूळ आहेत म्हणून मी तीन वर्षे गोळ्या देत होतो. घरात डबे कोठे ठेवता, हे मात्र कधी विचारले नव्हते.

प्लास्टर निघाल्यावर त्यांच्या घरी गेलो. मुलाने विचारले, “डॉक्टरसाहेब, आईला आता स्वयंपाक करू द्यायचा की नाही?” आजी आतून ऐकत होत्या. मी म्हणालो, “आईला थांबवू नका. डबा खाली आणा.”

वाचकहो, थोड्या पैशांत स्वयंपाकघर सुधारायचे असेल, तर पहिले काम बिनखर्चाचे आहे. रोजचे डबे, कुकर व तवा कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळ्यांवर घ्यावेत. माळा सणासुदीच्या भांड्यांसाठी राहू द्यावा. पाण्याचा भरलेला गुंड उचलण्याऐवजी लहान कळशीने दोन खेपा कराव्यात.

दुसरे काम उजेडाचे. वयपरत्वे डोळ्याचे भिंग पिवळसर होते आणि पडद्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश बराच कमी होतो. दिवा पाठीमागे असला, तर स्वतःचीच सावली विळीवर पडते. म्हणून ओट्याच्या वर, समोरच्या भिंतीवर एलईडी दिवा लावावा. शंभर-दीडशे रुपयांत दिवा येतो. फरशी बदलणारच असाल, तर खरखरीत घ्यावी. बदलणार नसाल, तर भांडी घासण्याच्या जागी रबरी तळाची चटई पुरे. सुटे पोते किंवा जुने लुगडे पायाखाली नको, ते सरकते.

तिसरे काम धुराचे. १९३४ साली वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याच मगनवाडीत धूर नळीवाटे घराबाहेर नेणारी ‘मगन चूल’ तयार झाली. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातील हा धडा अजूनही पुरता गिरवला गेलेला नाही. जन्मात विडी न ओढलेल्या, पण आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या स्त्रियांना दीर्घकालीन श्वसनविकार जडलेला मी पाहतो. आपला कुही-भिवापूर हा तर मिरचीचा पट्टा; फोडणीचा ठसका दमेकऱ्यास पुरतो. चूल असेल, तर धुराडे हवेच. गॅस असेल, तर भिंतीत उंचावर हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा.

मात्र गॅस हवेपेक्षा जड असतो, गळल्यास जमिनीलगत साचतो. म्हणून भिंतीच्या तळाशीही एक जाळी ठेवावी. सिलिंडर उभे असावे, शेगडी त्याहून उंच असावी आणि आयएसआय खुणेची नळी पाच वर्षांनी बदलावी. वास आला, तर दिवा किंवा पंखा यांच्या बटनाला हात लावू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

राहिला ओटा. ताठ उभे राहून कोपर वाकवावे. ओट्याची उंची कोपराखाली चार-पाच इंच असावी. ओटा उंच झाला म्हणून त्यापुढे पाट ठेवण्याची रीत अनेक घरांत दिसते. ती सोडावी, मागे पाऊल टाकताच तोल जातो. ओटा फोडण्याचीही गरज नाही. चिरणे, निवडणे, कणीक मळणे यांसाठी एक भक्कम मेज आणि पाठीची खुर्ची द्यावी.

गवंड्याला बोलावण्यापूर्वी एक करा. घरात जी व्यक्ती स्वयंपाक करते, तिच्याजवळ एक पूर्ण वेळचा स्वयंपाक होईपर्यंत बसा. ती किती वेळा वाकते, कोठे टाचा उंचावते, कशाला धरून उठते, ते लिहून ठेवा. खर्चाची यादी त्यातूनच करा.

आजींच्या घरी असे बसल्यावर तीन गोष्टी निघाल्या: एक फळी, एक दिवा, एक खुर्ची. मनगट थोडे आखडलेले आहे. पण भाकरी त्या स्वतः थापतात. परवा मुलगा सांगत होता, आईचे जेवण पुन्हा वाढले आहे.